नांदायला ये, नाहीतर तुरुंगात जा

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचं नाव सुधारकांत आदरानं घेतात. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यात त्यांचा पुढाकार होता. १८८९ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. ते विद्वान होते, हे मला मान्य आहे. माझं भांडण आहे ते त्यांच्या एका युक्तिवादाशी, कारण तो अजून आपल्या मानगुटीवर बसलेला आहे.

लहानपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईनं नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्यानं दावा लावला, तेव्हा तिच्या वकिलांत तेलंग होते. १८८५ मध्ये दावा फेटाळला गेला, १८८६ मध्ये अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

त्याच १८८६ साली तेलंगांनी व्याख्यान दिलं. सामाजिक सुधारणा आधी झालीच पाहिजे असं नाही, जिथं विरोध कमी तिथून पुढं जावं, असा त्याचा रोख. पण बाईच्या प्रश्नाला विरोध कमी कधी असतो? तो तर घरातच असतो. म्हणजे थांबायचं बाईनंच. १८९१ च्या संमतिवय कायद्याला तेलंगांनी पाठिंबा दिला, आणि १८९३ मध्ये स्वतःच्या मुलीचं लग्न बालवयातच लावलं. कमी विरोधाची वाट उंबऱ्याशी संपली ती अशी.

मैत्रिणींनो, ही जुनी गोष्ट नाही. तो दावा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आला. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं, संसार टिकावा म्हणून! बाईनं पोटगी मागितली की नवऱ्याची 'नांदायला ये' अशी नोटीस येते. अशा नोटिसा घेऊन आलेल्या बायका मी सल्ला केंद्रात पाहते. आता तुरुंग नाही, पण हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. कलम नवऱ्यालाही लागू आहे म्हणतात. पण मार खाऊन माहेरी आलेली असते ती कोण?

संघटनांतही ऐकतो आपण: आधी मोठा लढा, मग बायकांचं बघू. त्यावर आपलं उत्तर एकच असावं. कलम ९ रद्द करा, आणि तेही आधी.