चाकावरच्या मालकाला मंडळ का नाही?

सांगली जिल्ह्यातील आमच्या परिचयाचा एक ट्रकमालक मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंबासह कळंबोलीस येऊन राहिला. मालक म्हणायचे ते एवढ्यासाठीच, की गाडी आणि तिचे कर्ज त्याच्या नावावर आहे, चालवतो तोच. गावाकडे हंगामात ऊस आणि एरवी मिरजेच्या एका हुंडेकऱ्याचा माल, यावर त्याचे निभत होते. कळंबोलीत सिडकोने वसवलेला लोखंड बाजार, जवळच न्हावाशेव्याचे बंदर. तेव्हा येथे मालाला तोटा नाही, हा त्याचा हिशोब बरोबरच होता. परंतु त्याला येथे ओळखणारे कोणी नव्हते, आणि या धंद्यात भाडे ओळखीवर मिळते.

ज्या कारखान्याचा माल बारमाही निघतो, त्याचा ठेका बहुधा मोठ्या वाहतूक कंपनीकडे असतो. तिच्या गाड्या अपुऱ्या पडल्या की ती दलालास सांगते, तो दुसऱ्या दलालास, आणि दर पायरीला कमिशन कापले जाऊन उरलेले भाडे अड्ड्यावरच्या नवख्याच्या वाट्यास येते. जुन्या गाडीचे परतीचे भाडे आधीच ठरलेले असते. नवख्याने इंदूरला माल उतरवला की दोन दिवस तेथेच पडून राहावे, नाहीतर डिझेल जाळीत रिकामे परतावे. भाड्याचा एक भाग निघताना मिळतो, बाकी पोच परत केल्यावर. आणि ती बाकी महिना-दोन महिने अडकते. बँकेचा हप्ता काही तितके दिवस थांबत नाही. ज्याच्या हाती आपली बाकी आहे त्या दलालाशी दरासाठी भांडण्याची छाती कोणाची होणार? मोबाइलवर भाडी दाखवणारी ॲपे आली. त्यांनी माल कोठे आहे हे कळू लागले, पण त्याच मालासाठी कमी दर सांगणारे दहा जणही तेथेच भेटतात.

याच बाजारात त्याची गाडी भरणाऱ्या माथाडी कामगाराकडे पाहावे. १९६९ च्या कायद्याने त्याला मंडळ दिले, मजुरी मंडळामार्फत दिली आणि वर लेव्हीही मिळवून दिली. हे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील झुंजीचे फळ होते, कोणाची मेहेरबानी नव्हे. गाडी भरून निघाली की हे संरक्षण मागे राहते. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत कामाचे तास ठरवत होता, पण तो नोकरीतल्या कामगारांसाठी. स्वतःच मालक असलेल्याने कोणाकडे दाद मागावी? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ६७ वे कलम मालवाहू गाड्यांचेही किमान आणि कमाल भाडे ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. रिक्षा-टॅक्सीचे दर सरकारी यंत्रणा ठरवते. ट्रकचे भाडे मात्र बाजारावर सोडलेले आहे. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. त्याचा भार सर्वांत शेवटच्या माणसावर पडला. छोट्या उद्योगांची देणी पंचेचाळीस दिवसांत चुकती करावीत असे २००६ चा कायदा म्हणतो खरा, पण ज्याचा सगळा व्यवहार फोनवर झाला, तो पुरावा कोठून आणणार!

यावर संघटना करा, असे आपण सहज म्हणून जातो. तेथेही जपून बोलले पाहिजे. हिमाचलातील सिमेंट कारखान्यांभोवती ट्रकमालकांच्या बलाढ्य संघटना आहेत. भाड्याच्या वादात डिसेंबर २०२२ मध्ये तेथील दोन कारखाने बंद झाले, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये दर कमी झाल्यावरच उघडले. तरीही एकेकटा मालक तेवढे दिवस टिकला नसता. पण जी संघटना माल आपल्याच सभासदांसाठी राखते, तिच्या दारात बाहेरगावचा ट्रक उपराच ठरतो. पंजाब सरकारने २०१७ मध्ये ट्रक युनियनांवर बंदी घातली, तेव्हा मक्तेदारीचेच कारण पुढे केले होते. ते कारण निखालस खोटे होते, असे आपल्यालाही म्हणता येणार नाही. नव्याने आलेल्याला क्रमांक देण्याचा नियम घटनेतच लिहिलेला नसेल, तर संघटना दलालाची जागा घेते, एवढेच.

कळंबोलीचा आमचा मित्र आणि त्याच्यासारखेच बाहेरून आलेले सहा जण आता अड्ड्यामागच्या टपरीवर दर रविवारी बसतात. सहकारी संस्था काढून थेट कारखान्याकडे दरपत्रक द्यावे, असा त्यांचा विचार आहे. नोंदणीस निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा सभासद लागतात. तिघे कमी आहेत. शिवाय अर्ज कोणी लिहावा, हाही प्रश्न आहे. पनवेलच्या कार्यकर्त्यांपैकी कोणी येत्या रविवारी जाईल काय?