कुत्र्यांच्या प्रदर्शनातली परीक्षा

मैत्रिणींनो, "आई, आपण कुत्रा पाळू या ना!" हे पालुपद तुमच्या घरात सुरू झालं नसेल तर तुम्ही सुखी आहात. आमच्याकडे ते वर्षभर चालू आहे. चिरंजीव सहावीत. त्यांना लॅब्राडोर हवा. 'ह्यां'ची ना नाही. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की देवघरात केस दिसता कामा नयेत. मी मात्र गप्प होते. घरात नवीन जीव आला की त्याचं दुखणंखुपणं, खाणंपिणं नि शी-शू कोणाच्या वाट्याला येते, हे तुम्हांला का सांगायला हवं?

जानेवारीत नणंदेकडे पुण्याला गेलो, तर नेमकं त्याच रविवारी तिच्या घराजवळच्या मैदानावर श्वान प्रदर्शन! म्हटलं, चला, फुकटात हौस फिटेल.

आत पाऊल टाकलं आणि मी बघतच राहिले. एका बाजूला टेबलावर उभं राहून एक पांढरंशुभ्र कुत्रं केस विंचरून घेत होतं. माझ्या मुलीनं वेणीच्या वेळी कधी एवढा शहाणपणा दाखवला नाही! पलीकडे एक अवाढव्य सेंट बर्नार्ड ओला टॉवेल पांघरून टेबलफॅनसमोर धापा टाकत पडलेला. जानेवारीत ही गत, तर वैशाखात बिचाऱ्याचं काय होत असेल? हौसेलाही काही हवापाणी बघायला नको का?

मधल्या रिंगणात परीक्षक कुत्र्यांचे जबडे उघडून दात बघत होते, पाठीवरून, मागच्या पायांवरून हात फिरवत होते, मग मालकाला कुत्र्यासह धावायला लावत होते. मला वाटलं होतं, ही सौंदर्यस्पर्धा. सगळ्यांत गोजिरवाणा असेल त्याला बक्षीस. शेजारी बसलेल्या बाईंनी समजावलं, की प्रत्येक जातीचं एक ठरलेलं वर्णन असतं: उंची किती, शेपटी कशी, चाल कशी. त्या वर्णनाला जो जास्तीत जास्त उतरेल तो पहिला. म्हणजे आमच्या पेपर तपासण्यासारखंच की! नमुना-उत्तर समोर ठेवायचं नि गुण द्यायचे.

ह्या बाई लॅब्राडोरच्या ब्रीडर निघाल्या. चिरंजीवांनी त्यांच्या कुत्रीला हात लावायच्या आधी त्यांना विचारलं, त्यामुळे बाई खूश. मी लगेच विषय काढला, "पिल्लू कितीला पडेल हो?"

किंमत राहिली बाजूला, त्यांनी माझीच उलटतपासणी सुरू केली. दुपारी घरी कोण असतं? घर स्वतःचं की भाड्याचं? गावाला गेलात की कुत्रा कोणाकडे? सकाळी सहाला फिरवणार कोण? मी म्हटलं, "मुलगा." त्या नुसत्या हसल्या.

खरं सांगते, मला राग आला. पैसे आम्ही मोजणार आणि मुलगी दाखवल्यासारखी उत्तरंही आम्हीच द्यायची? "पिल्लं आणली नाहीत का?" असं विचारलं तर म्हणाल्या, "लशी पुऱ्या न झालेली पिल्लं गर्दीत आणायची नसतात. पार्व्होसारखा रोग माणसांच्या हातांवरून, चपलांवरूनसुद्धा जातो. घरी या, पिल्लांची आई बघा, मग बोलू."

फाटकाबाहेर मात्र खोक्यात पिल्लं होती. वर जुना टॉवेल, आत पाच लोकरीचे गुंडे. विकणाऱ्यानं एक उचलून थेट चिरंजीवांच्या हातात दिलं. प्रश्न नाहीत, काही नाही. "आठ हजार, ताई. आत तिप्पट सांगतील." 'ह्यां'चा हात खिशाकडे गेला. पोराचे डोळे भरून आलेले. मीही विरघळले, खोटं कशाला बोलू? सहज विचारलं, "वय काय?" म्हणाला, "महिना झाला." "आई कुठाय ह्याची?" तर म्हणे, "गावाला."

महिन्याचं पोर आणि आई गावाला! माझ्यातल्या आईनं ते पिल्लू त्याच्या हातातून काढून परत खोक्यात ठेवलं. चिरंजीव घरापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पण मला चैन पडेना. संध्याकाळी पुन्हा आत गेले, एकटीच, आणि त्या बाईंशी तासभर बोलले. त्यातलं तुमच्या कामाचं सांगते. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आपल्याकडे 2017 सालचे नियम आहेत. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कुत्रीची वर्षाला एकच वीण घ्यायची आणि जन्मात पाचांहून जास्त नाहीत. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. म्हणून लशींचं पुस्तक वेगळं मागायचं आणि लॅब्राडोर असेल तर आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का, ते विचारायचं, कारण खुब्याचं दुखणं त्या जातीत पिढीजात येतं. लॅब्राडोर खादाड असतो, लाडानं तूपपोळी घातलीत तर फुगतो, आणि केस बारा महिने गाळतो. (देवघर!)

निघताना लातूरकडचे एक शेतकरी भेटले, बरोबर उंच, सडपातळ कारवान. मुधोळचा म्हणतात तोच हा, 2005 साली टपाल तिकिटावर आलेला. मी कौतुकानं हात पुढे केला तर तो शांतपणे मागे सरकला. "परक्याचा हात चालत नाही त्याला," मालक म्हणाले. "आणि वहिनी, ह्याला पळायला रान पाहिजे. फ्लॅटमध्ये असाल तर नका नेऊ." म्हणजे विकायला आलेला माणूसच नको म्हणत होता!

लॅब्राडोरवाल्या बाईंकडे नाव नोंदवलंय. त्यांची अट एकच: पिल्लू नेण्याआधी महिनाभर मुलानं रोज सकाळी सहाला उठून अर्धा तास फिरून यायचं, कुत्र्याशिवाय.

आज अकरावा दिवस. कॅलेंडरवर चिरंजीवांच्या खुणा सात आहेत. उरलेले चार दिवस 'ह्यां'ना झोप, त्याला सर्दी, म्हणून मीच फिरले. काल सासूबाई म्हणाल्या, "दुपारचं मी बघेन. पण सकाळचं त्याचं त्यालाच करू दे, तू उठू नकोस."

उद्या गजर झाला तरी मी उठणार नाहीये. बघू या.