साथीचे दिवस आणि कवितेचे दप्तर

आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव आपण आदराने घेतो, त्या केशवसुतांच्या आयुष्याची अखेर प्लेगने झाली, ही गोष्ट शाळेच्या वयापासून ठाऊक असूनही तिचे गांभीर्य मला अलीकडच्या वर्षांतच उमगले. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात ती साथ प्रकट झाली, आणि तिच्या धास्तीने जे असंख्य लोक शहर सोडून गेले, त्यांत तुटपुंज्या वेतनावर संसार चालविणारे हे शिक्षकही होते. खानदेशात भडगाव, फैजपूर अशी गावे पालटून ते पुढे धारवाडास नोकरीस लागले; परंतु ज्या रोगाच्या भयाने मुंबई सोडली, त्याच रोगाने ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांना गाठले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नीलाही नेले.

त्यांच्या आधी आठ वर्षे, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. ‘काव्यफुले’ हा त्यांचा संग्रह १८५४ सालचा. जाईचे फूल, पिवळा चाफा, शेतातली माती हे ज्या कवितेचे विषय, ती लिहिणाऱ्या बाईंनी उतारवयात प्लेगच्या रोग्यांना जवळ केले आणि त्या सेवेतच देह ठेवला. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला आणि पुण्यात गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या सुरू झाल्या. त्या बंदोबस्ताच्या हकिगती वाचताना एक गोष्ट मनात ठसते : लोकांना मरणाचे भय होतेच, पण त्यांचे काळीज विदीर्ण झाले ते परक्या माणसाने चुलीपर्यंत आणि देवघरापर्यंत यावे, अंथरुणे-पांघरुणे रस्त्यावर फेकावी, या गोष्टीने.

साथ ही इतिहासाची घटना खरी, परंतु ती सोसली जाते ती स्वयंपाकघरात, माजघरात, दाराच्या कडीपाशी. आणि म्हणून साथीच्या कवितेचा खरा विषय रोग हा नसून त्या रोगाने मोडलेला नित्यक्रम हा आहे, असे माझे नम्र पण दृढ मत आहे. माझी आत्या २०२१ च्या चैत्रात, कोविडच्या साथीत गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव, वय, पत्ता आणि तारीख यांची बिनचूक नोंद आहे; सरकारी दप्तराने याहून अधिक सांगावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. पण तिने कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते, ते वाटावयाच्या दिवशी ती इस्पितळात होती, आणि तिच्या पश्चात ते आंबलेले गहू उपसून टाकण्याचे धैर्य घरात कोणालाही होईना, ही नोंद कोणत्या दप्तराने ठेवावी? तिच्या सुनेने पुढे त्या गव्हांवर काही ओळी लिहिल्या. त्यांत साथीचे नावही नाही. तरीसुद्धा त्या वर्षाचे सारे दुःख मला त्या ओळींत सापडले.

मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला, आणि त्या दिवसांत आपल्याकडे कविता विपुल लिहिली गेली. विषाणूला असुर आणि वैद्यांना योद्धे कल्पून रचलेल्या रणगीतांनी त्या वेळी धीर दिला असेल. परंतु युद्धाच्या भाषेत शोकाला जागा नसते, कारण तेथे मेलेला माणूस आकड्यात जमा होतो. उलट, अंत्ययात्रेला माणसे मोजून जाऊ द्यावयाची असा हुकूम असताना, खांदा देणे, शेवटचे मुख पाहणे, गळ्यात पडून रडणे हे ज्यांना लाभले नाही, त्यांनी ते राहिलेले कर्तव्य कवितेत पुरे केले. गुजरातीतील पारुल खख्खर यांच्या गंगेवरील छोट्या कवितेचे २०२१ मध्ये पाहता पाहता अनेक भाषांत अनुवाद झाले, ते तिने साऱ्यांच्या वतीने शोक उच्चारला म्हणूनच. हिंदीचे मंगलेश डबराल, बंगालीचे शंख घोष, नागपूरचे लोकशाहीर वीरा साथीदार हे तर स्वतःच त्या साथीत गेले.

केशवसुतांकडे पुन्हा वळतो ते एका कारणासाठी. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. हरि नारायण आपटे यांनी १९१७ साली ‘केशवसुतांची कविता’ प्रसिद्ध केली, म्हणून तो ठेवा आपल्या हाती आला. आज उपलब्ध असलेल्या त्यांच्या कविता सुमारे १३५ आहेत, आणि किती हरवल्या याची गणती नाही. एवढ्या थोर कवीची ही अवस्था, तर वहीच्या मागच्या पानावर किंवा मोबाईलमध्ये चार ओळी लिहून ठेवणाऱ्या गृहिणीची, परिचारिकेची, गावाकडे पायी निघालेल्या मजुराची कविता किती दिवस टिकेल? माझी विनंती आहे की, गावोगावच्या वाचनालयांनी आणि साहित्यसंस्थांनी अशा ओळी मागवून घ्याव्यात, त्यांवर गाव आणि तारीख घालावी, आणि व्याकरणाच्या वा वृत्ताच्या चुकांसाठी एकही परत पाठवू नये. त्यांतील थोडीच कविता म्हणून श्रेष्ठ ठरेल. परंतु पुढच्या पिढीवर असा प्रसंग आला, तर माणसे यातून कशी जगली हे तिला सर्वांत आधी तेथेच शोधावे लागेल, आणि ते तिच्यासाठी जपून ठेवणे हे आज मागे उरलेल्या आपणा सर्वांवरचे ऋण आहे.