स्मृती वाढली, श्रुतीचे काय?

२०२० च्या टाळेबंदीनंतर मराठीच्या अनेक अध्यापकांनी काव्यवाचन घरच्या घरी ध्वनिमुद्रित करण्यास प्रारंभ केला. हेडफोन लावून वाचू लागले की स्वतःचाच आवाज किंचित उशिरा कानी येतो, अशी तक्रार मग ऐकू येते. त्यावर संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, वाढवून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते येथे निदानच चुकते, आणि त्याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही.

संगणक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने टिपतो. पण ते एकेक करून नव्हे, तर तुकडीतुकडीने हाताळतो. या तुकडीला बफर म्हणतात. २५६ नमुन्यांची तुकडी भरण्यास सुमारे ६ मिलिसेकंद लागतात, २०४८ नमुन्यांची भरण्यास ४६. आवाज परत कानी येताना तेवढाच काळ पुन्हा जातो. म्हणजे मोठ्या बफरमध्ये विलंब ९३ मिलिसेकंदांच्या घरात पोचतो. रॅम चौपट केली तरी हे गणित बदलत नाही. अनेक वाद्यांचे साठवलेले नमुने एकाच वेळी वाजवताना रॅम कमी पडली तर आवाज तुटतो, हे खरे. परंतु एकट्या वाचकाचे तासाभराचे स्टिरिओ मुद्रण, सीडीच्या दर्जाचे असले तरी, साधारण ६३५ मेगाबाइटच भरते.

आता हाच विलंब वृत्ताच्या मापाने पाहू. भुजंगप्रयाताचा वीस मात्रांचा चरण चार सेकंदांत म्हटला, तर एका मात्रेस २०० मिलिसेकंद मिळतात. तेव्हा ९३ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. स्वतःचा आवाज उशिरा ऐकणारा माणूस अडखळतो, अक्षरे लांबवतो, हे बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच दाखवून दिले होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या भेदावर उभ्या असलेल्या वृत्तवाचनास याहून घातक काय असणार?

यावर कोणी म्हणेल, की विलंब सॉफ्टवेअर मागाहून भरून काढतेच. ते मुद्रित पट्टी मागे सरकवते, एवढे मान्य. पण बिचकून लांबवलेला लघू ते पुन्हा लघू करू शकत नाही. आणि विद्यार्थी तर तेच वाचन प्रमाण मानून गिरवणार!

म्हणून नवी रॅम विकत घेण्यापूर्वी मुद्रणापुरता बफर १२८ वा २५६ वर आणावा. आवाजात खरखर वा तुटकपणा आला, तर संगणकास तो झेपत नाही असे समजून एक पायरी वर जावे, आणि संपादनाच्या वेळी तो खुशाल मोठा ठेवावा. ऑडिओ इंटरफेसमध्ये माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये देण्याची सोय असल्यास ती वापरावी. तीही नसेल, तर हेडफोन काढून ठेवावा. एकट्याने वाचताना त्याची गरज नसते. कवितेची लय वाचकाच्या कानात असते. तो कान मोकळा राहिला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.