गादीवादी आणि दणकटवादी

आमच्या हिंगणघाटात हल्ली मुलीकडची मंडळी नवऱ्या मुलाचा पगार विचारीत नाहीत. त्याच्या गाडीची किती चाकं ओढतात, ते विचारतात. दोन म्हटलं, की 'बघू, कळवतो' म्हणून कप खाली ठेवतात. चार म्हटलं, की पत्रिका न उघडताच छत्तीसच्या छत्तीस गुण जुळतात.

बँकेसमोरच्या पानठेल्यावर यावरून दोन पक्ष पडले आहेत. पहिला पक्ष दणकटवाद्यांचा. त्यांच्या मते गाडी कशी पाहिजे? तर उंच, चौकोनी, बसताना गुडघा आणि उतरताना कंबर मोडणारी. दुसरा पक्ष म्हणतो, एवढा पैसा ओतायचा तर पाठीला थंड वारा लागला पाहिजे, छताला काच पाहिजे आणि खड्डा आला तो कळताही कामा नये. वर्धा जिल्ह्यानं गांधीवादी पुष्कळ पाहिले. पेशवाईत एकदा 'ध'चा 'मा' झाला होता. आमच्या जिल्ह्यात तो 'ध'चा 'द' झाला, अनुस्वार वाटेत कुठं तरी गळाला आणि हे गादीवादी तयार झाले.

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर कारकून. शिक्षण बी.कॉम. त्यामुळे दोन्ही पक्ष मला पंच समजतात. कोणती गाडी चांगली, असं मला रोज विचारलं जातं आणि मी रोज पान तोंडात असल्याचं निमित्त करून गप्प बसतो. आज पान नाही. तेव्हा सांगून टाकतो, की हे दोन पक्ष नाहीतच. एकाच पक्षाचे हे दोन झेंडे आहेत आणि त्यांचं भांडण म्हणजे श्रीखंड आणि बासुंदीनं एकमेकींना 'तू गोड' म्हणून हिणवण्यासारखं आहे.

दोघे गाडी चालवतात कुठं ते पाहा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४. हिंगणघाट ते नागपूर, पाऊणशे किलोमीटर. नागपुरात मॉल, मॉलमध्ये तळघर, तळघरात गाडी. संध्याकाळी परत. या सबंध प्रवासात चारही चाकांना ताकद देण्याची वेळ एकदाही येत नाही. एवढंच नव्हे, बहुतेक दणकट गाड्यांत जो चार चाकांचा दांडा असतो तो कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचाच नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चौघांना एकत्र जखडलं, की आतली दातेरी चक्रं एकमेकांशी झोंबतात. म्हणजे ज्या रस्त्यावर तुम्ही जाता त्या रस्त्यावर जी वस्तू वापरायला मनाई, तिच्यासाठी तुम्ही ज्यादा पैसे मोजता. आमच्या आळीत एका गृहस्थानं नळाला पाणी नसताना न्हाणीघरात विलायती टब बसवला होता. लोक त्याला अजून हसतात. दांडेवाल्याला कोणी हसत नाही.

आता दणकट आणि ऐषारामी ही मुळात दोन घराणी आहेत, हेही खोटं. सोयरीक जुनी आहे. युद्धात अमेरिकन फौजेनं जी विलीस जीप पळवली, ती महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला घेतली. तिला दार नव्हतं, गादी नावाला होती, आणि बीडीओ साहेब तीतून गावात उतरले की साहेब कोणते आणि धूळ कोणती, हे ग्रामसेवकाला अंदाजानं ठरवावं लागे. विलायतेत १९४८ मध्ये लँड रोव्हर निघाली ती शेतकऱ्याच्या कामाला. १९७० मध्ये त्याच घराण्यात रेंज रोव्हर जन्मली. ही आज गादीवाद्यांची कुलस्वामिनी. पण पहिल्या रेंज रोव्हरच्या आतला चिखल पाइप लावून धुता येत असे! आज ती गाडी आतून पाइपनं धुतली तर मालकाला घेरी येईल. २००८ मध्ये टाटांनी हे घराणंच विकत घेतलं, त्यामुळे कुलस्वामिनी आता माहेरवाशीण झाली आहे, एवढंच.

आपल्या नाशकात होणाऱ्या थारचंही तेच. २०१० मध्ये ती आली तेव्हा जीपची सख्खी नात दिसत होती. २०२० मध्ये अंगानं भरली. २०२४ च्या १५ ऑगस्टला पाच दारांची रॉक्स निघाली, तिच्या गाद्यांतून गार वारा येतो, छताला भलीमोठी काच आहे आणि आतल्या गाद्यांचा रंग होता पांढराशुभ्र. पांढऱ्या गाद्या, आणि त्या काळ्या मातीच्या हिंगणघाटात! आमच्याकडे पांढरं असतं ते फक्त बोंडातून निघेपर्यंत.

गंमत पुढेच आहे. २०२३ च्या जानेवारीत थारचा मागच्या दोनच चाकांवर चालणारा स्वस्त अवतार निघाला. तोच चेहरा, तीच छाती, चालतात दोन चाकं. २०२१ मध्ये नव्यानं आलेली सफारी तर पुढच्या दोन चाकांवर आली. दणकटवाद्यांना विचारलं, तर म्हणतात, दिसते तर तशीच ना! मग भांडता कशाला? दिसण्यावरच घ्यायची तर तेही गादीच झाले. तुमची गादी डोळ्याला लावलेली, त्यांची पाठीला.

पाण्यात उतरण्याची गोष्ट काढाल, तर कंपनीच्याच कागदावर तीन दारांची थार साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते आणि रेंज रोव्हर नऊशे. मखमलीवाली जास्त खोल जाते! पण कोटीच्या घरातली गाडी वणेच्या पुरात घालणारा मर्द मी अजून पाहिला नाही. तिथं आमची एस.टी. थांबते आणि तिच्या मागं ह्या दोन्ही पक्षांच्या गाड्या अगदी शिस्तीत रांग लावतात.

सरकारनं मात्र हे भांडण एका फटक्यात निकालात काढलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे जीएसटीचे दर वाचा. वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे मी असली पानं लोक मासिकं वाचतात तशी वाचतो. चार मीटरच्या आतली आणि दीड हजार सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनाची गाडी असेल तर १८ टक्के. त्यापेक्षा मोठी झाली, की चैनीच्या वस्तूंचे ४० टक्के. म्हणजे दोन चाकांवर चालणाऱ्या छोट्या डिझेल इंजिनाच्या थारला १८ आणि खरोखर चारही चाकांनी ओढणाऱ्या मोठ्या इंजिनाच्या थारला ४०. मोठ्या गाड्यांची जी व्याख्या केली आहे तीत लांबी आणि इंजिनाबरोबर आणखी एक लक्षण आहे: पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर किंवा त्याहून उंच असणं. आता पोट उंच कशासाठी लागतं? चिखलासाठी. म्हणजे सरकारी हिशेबात चिखलातून जाणं ही चैन आहे! आमच्या तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या बायांना ही बातमी कोणी तरी सांगा. त्या जन्मभर चैन करीत आल्या आणि त्यांना पत्ताच नाही.

त्यांची चैन चालते पांदणीत. पांदण म्हणजे गावातून वावराकडे जाणारी वाट. दोन बाजूंना बाभळी, मधे काळी माती. ही माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की तीत चप्पल जाते, आणि पावसाळ्यात अशी फुगते की चप्पल परत येत नाही. डिंक, लोणी आणि सूडबुद्धी यांचं मिश्रण. टायरच्या खाचा दहा पावलांत भरतात आणि मग चाक कोणतंही असो, त्याचा गुळगुळीत लाडू होतो. दोन चाकांची गाडी इथं काठावरच फसते. चार चाकांची ऐटीत मधोमध जाऊन फसते, एवढाच फरक. मग मालक ट्रॅक्टरवाल्याला फोन करतो. ट्रॅक्टरही फसला, तर बैल.

म्हणून आमच्या जुन्या लोकांनी हा वाद शंभर वर्षांपूर्वीच नीट सोडवला होता, तो पाहा. त्यांच्याकडे बंडी होती आणि दमणी होती. बंडी दणकट. शेणखत, पऱ्हाटी, कापूस, आजारी माणूस, सगळं तीत. दमणी नाजूक, वर छप्पर, आत गादी, बैलांच्या गळ्यात घुंगरं. लग्नाला, यात्रेला, लेकीला आणायला. पण दमणीत शेणखत भरून कोणी म्हटलं नाही, की पाहा माझी दमणी किती रांगडी. आणि बंडीला मखमल लावून कोणी पाटील नागपुरास गेला नाही. ज्याला दोन्ही परवडत नसत तो बंडीच ठेवी आणि लग्नाच्या दिवशी तीत सतरंजी टाकी. आठ खुरांची ओढ, वंगण घरचं, दुरुस्ती गावच्या सुताराकडे.

दणकटपणाचा खरा पुरावा तर आमच्याच गावच्या मातीत आहे. विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०२ मध्ये मद्रासहून हा देश मोजायला निघाला. बरोबर जवळजवळ अर्ध्या टनाचं थिओडोलाइट. टेकड्या, नद्या, जंगल, ताप, सगळ्यांतून ते यंत्र वीस वर्षं फिरलं, आणि हैदराबादेहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटात त्याचा मृत्यू झाला. त्याची समाधी इथं आहे. चार चाकांचा दांडा त्याच्याकडे नव्हता. आता हा दांडा घेऊन आमचे वीर त्या समाधीवरून जातात ते केस कापायला.

तुम्ही म्हणाल, लोकांचा पैसा, तुमच्या पोटात का दुखतं? लोकांचा असता तर दुखलं नसतं. तो माझ्या टेबलावरून जातो. माझा साडभाऊ. नदीपलीकडे दहा एकर कोरडवाहू. पोट्टा पदवीधर, नोकरी नाही, आणि गाडीवर हटून बसलेला.

"मावसाजी, तुमचं हिशेबाचं डोकं हाये, पण गाडीले रोड प्रेझेन्स पायजे," तो मला म्हणाला.

रस्त्यावरची हजेरी आमच्या गावच्या म्हशीही लावतात आणि त्यांच्यापुढं दोन्ही पक्षांच्या गाड्या थांबतात. पण भाच्याला म्हशीचं उदाहरण देऊ नये, घरी कळतं. म्हणून मी कागद घेतला. पंधरा लाखांचं कर्ज, नऊ टक्के, सात वर्षं धरली. हप्ता चोवीस हजार एकशेच्या आसपास. सात वर्षांत फेड वीस लाख सत्तावीस हजार. पंधरा टक्क्यांनी घसारा लावला तर सातव्या वर्षाअखेर गाडीची पुस्तकी किंमत उरते चार लाख ऐंशी हजार. हे त्याला पटलं नाही, कारण हे रुपयांत होतं. मग कापसात मांडलं. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये. हप्ता म्हणजे महिन्याला जवळजवळ तीन क्विंटल, वर्षाला छत्तीस. कोरडवाहू एकराला सहा क्विंटल आला तर, म्हणजे बोंडअळीनं मेहरबानी केली तर, सहा एकरांचा कापूस. बियाणं, फवारणी, वेचाई काही न धरता. दहापैकी सहा एकर सात वर्षं फक्त गाडीसाठी पेरायचे.

पोट्टा गप्प बसला. त्याच्या बापानं विचारलं, "तुमी बँकेतले, तुमीच सांगा जी. दणकट घेऊ का आरामाची?"

यातही पाहा, घेऊ की नको हा प्रश्न उरलेलाच नाही. पानठेल्यावरच्या वादाची हीच करामत. दोन पक्ष असे काही कडाकडा भांडतात, की तिसरं उत्तर असतं हेच माणूस विसरतो. आणि आम्ही बँकवाले त्यात तेल घालतो. पीककर्जाला सातबारा, आठ-अ, फेरफार, बेबाकी दाखला, आणि मग साहेब बैठकीला गेलेले. गाडीचं कर्ज चहा निवायच्या आत. कारण गाडी नजरगहाण ठेवता येते. नजरेसमोर उभी असते. पाऊस नजरगहाण कसा ठेवणार?

मी म्हटलं, "दादा, तुम्ही जुलैत वावरात कसे जाता?"

"चप्पल हातात घेऊन."

"गाडी आल्यावर?"

त्यानं विचार केला. "गाडी गोठ्यापाशी लावून, चप्पल हातात घेऊन."

दणकट घेतली तरी, आरामाची घेतली तरी. त्याच पांदणीतून त्याची बायको डोक्यावर गाठोडं घेऊन येते, त्याच पांदणीतून गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सालगड्याला साप चावला तेव्हा खाटेवर घालून चौघांनी आणलं. चारही पाय ओढत होते, पण कोणाचं रोड प्रेझेन्स दिसलं नाही. पांदणीसाठी योजना नाहीत असं नाही. मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना राज्यानं २०२१ मध्ये काढली, ग्रामीण रस्त्यांना नाबार्ड राज्य सरकारला कर्जही देते. पण ते कर्ज माझ्या टेबलावर येत नाही. माझ्या टेबलावर येतो तो साडभाऊ, आणि त्याच्या एकट्याच्या नावावर मी गाडी देऊ शकतो, पांदण देऊ शकत नाही. पांदण एकट्याची नसते, तिला हप्ता नसतो, चावी नसते आणि दसऱ्याला तिला हार घालून फोटो काढता येत नाही.

साडभाऊ बराच वेळ कापसाचा कागद पाहत बसला. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि पोट्ट्याकडे न पाहता मला म्हणाला, "आमच्या पांदणीवर सतरा वावरं हायेत जी. मुरमाचा एक टिप्पर केवढ्याले पडते?"

पोट्ट्यानं कपाळाला हात लावला. मी विचारून सांगतो म्हटलं.