‘लायसन लागत नाही’ म्हणजे काय?

“मॅडम, मोटारसायकल कशाला? लेडीजसाठी ही स्कूटर आहे ना. लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको.” दीड वर्षापूर्वी बीडमधल्या एका दुकानात मला हे ऐकावं लागलं. वर विचारणा, “साहेब येणारेत का बघायला?” पैसे माझ्या पगारातले, कर्जावर सही माझी. एमएसडब्ल्यू होऊन बारा वर्षं बायकांच्या केसेस घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढतेय. पण गाडी बघायला साहेब पाहिजेत! मी विजेवरची मोटारसायकलच घेतली. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एमएच २३, आणि आरसीवर माझं नाव.

मैत्रिणींनो, ‘लायसन नको’ हे आपल्याला सवलत म्हणून विकलं जातंय. ती सवलत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. पण आधी गाडीबद्दल, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणी भेटल्यावर पहिल्यांदा तेच विचारतात.

दिवसाला माझं तीसेक किलोमीटर फिरणं होतं. बार्शी रोडने जिल्हा रुग्णालय, तिथून कोर्ट, दुपारी पेठ बीडमध्ये गृहभेटी, संध्याकाळी एखादं पोलीस ठाणं. गिअर नाही, क्लच नाही, त्यामुळे मोंढ्यातल्या गर्दीत डावा हात आखडत नाही. स्कूटरपेक्षा चाकं मोठी, म्हणून खड्ड्यात गाडी आपटत नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या शेजारून जाताना हा फरक जिवाला कळतो. दर तिसऱ्या रात्री चार्जिंगला लावते. महिन्याला तीस-पस्तीस युनिट लागतात, म्हणजे तीन-चारशे रुपये. तेवढंच फिरायला पेट्रोलचे सोळाशे-सतराशे गेले असते. मांजरसुंब्याचा घाट चढायचा असेल तर मात्र आकडा भराभर उतरतो, उतारावर थोडा परत मिळतो. एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हातून आणली की लगेच वायर लावायची नाही, आधी निवू द्यायची. रात्री लाईट गेली की सकाळी अर्ध्या चार्जिंगवर दिवसाचे बेत बदलायचे. याची सवय होते.

आणखी एक फायदा कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नाही. गाडीला आवाज नाही. पूर्वी जुन्या मोटारसायकलची फटफट गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की सासू दारात येऊन बसायची, आणि जिला भेटायचं ती ‘शेतात गेली’ असायची. आता मी थेट ओट्यापाशी पोहोचते. (तोटाही आहे. रस्त्यात कुणी बाजूला होत नाही. हॉर्न वाजवावाच लागतो.)

पण वीज स्वस्त असली तरी प्लग कुणाच्या भिंतीत आहे? मी भाड्याने राहते, मीटर घरमालकाचं. पहिल्या बिलानंतरच त्यांनी विचारलं. त्यांचं अगदी चुकत होतं असंही नाही, कारण शंभर युनिटच्या पुढे दराचा टप्पा बदलतो आणि माझ्या गाडीने त्यांना पुढच्या टप्प्यात ढकललं होतं. मी खाली स्वतंत्र १५ अँपिअरचा सॉकेट आणि सबमीटर माझ्या खर्चाने बसवून घेतलं. मी पगारदार, म्हणून जमलं. जिच्या घरातलं मीटर सासऱ्याच्या नावावर आहे तिने काय करावं? काल पेट्रोलला पैसे मागत होती, आज प्लग मागेल.

आता ‘लायसन नको’कडे येते. पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी विजेची दुचाकी कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, चालवायला परवाना लागत नाही. बाईला हेच दाखवलं जातं, कारण बाई तेवढ्यातच फिरणार हे गृहीत धरलेलं असतं: घर, शाळा, भाजी, दवाखाना.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक बाई आली. शिवणकामाच्या पैशातून आणि बचत गटाच्या कर्जातून तिने अशी स्कूटर घेतली होती. दुकानात नवरा बरोबर, बिल त्याच्या नावावर फाडलेलं. मारहाणीला कंटाळून ती माहेरी निघून आली आणि स्कूटर तिकडेच राहिली. आता ती दीर वापरतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली स्त्रीधन किंवा तिच्या हक्काची दुसरी मालमत्ता परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. पण गाडी तिची आहे हे दाखवायचं कशाने? नोंदणी नाही, विमा नाही, नंबरही नाही. शेवटी बचत गटाच्या वहीतलं कर्जाचं पान अर्जाला जोडलं. निकाल अजून यायचा आहे. नोंदणीचा कागद तिच्या नावावर असता तर हा वाद एका तारखेत मिटवता आला असता, असं मला वाटतं. ज्या कागदापासून तिची ‘सुटका’ केली, तोच तिच्या कामाचा होता.

बाईची जागा कुठली, हे आपल्या नियमांनीही ठरवून ठेवलंय. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून अर्धं चाक झाकणारी जाळी सांगितली आहे. तिला आपण साडी गार्ड म्हणतो. जाळी हवीच, तिने जीव वाचवले आहेत. पण साडीचा विचार झाला तो मागच्या सीटवर.

तमिळनाडूच्या पुदुकोट्टईत १९९१-९२ मध्ये साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या आणि त्याच त्यांना आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता यायचं. ‘लेडीजसाठी’ काय, हे दुकानदाराने नव्हे, बायकांनी ठरवलं.

आपल्या घरातलंही बोलू या. मी पूर्वी ज्या संस्थेत होते तिथे पुरुष कार्यकर्त्यांना मोटारसायकल भत्ता आणि आम्हाला एसटीचं तिकीट. मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तसं आमचं प्रवासबिलही अर्ध्यावर आलं! संध्याकाळची शेवटची गाडी चुकू नये म्हणून मीटिंग अर्धवट सोडून पळायच्या त्या बायकाच, आणि ‘महिला कार्यकर्त्या वेळ देत नाहीत’ हा शेराही त्यांच्यावरच. स्त्री-पुरुष समतेवर प्रशिक्षणं घेणाऱ्या संस्थेची ही गोष्ट आहे.

काही मैत्रिणी म्हणतात, हे मध्यमवर्गीय दुखणं आहे, आधी गावोगाव एसटी मागा. एसटी मागूच, मोर्चात मीही असते. पण एसटी सुटण्याची वेळ आपल्या हातात नसते. रात्री साडेनऊला फोन येतो, “ताई, त्याने घराबाहेर काढलंय,” तेव्हा कुठली एसटी? आणि आशाताई, अंगणवाडीताई, नर्सबाई रोज नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या गाडीवर मागे बसून कामाला जातात, त्या काय श्रीमंत आहेत?

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. दुकानात ‘प्रदूषणमुक्त’ म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालतं. राख परळीच्या आसपासच्या बायकांच्या घरात पडते. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वीज करायला पाणीही लागतं हे दुष्काळाने आपल्याला शिकवलं. माझ्या गाडीचा धूर शहरात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं मी कुणाला सांगणार नाही. मी ती धुरासाठी घेतलेली नाही. मागून न जाता जाता यावं, म्हणून घेतली.

राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत १० टक्के वाहनं विजेची असावीत, असं उद्दिष्ट ठेवलं होतं. गाड्या मोजल्या, ठीक. आता आरसीवर नाव कुणाचं तेही मोजा. जिल्हा रुग्णालय, कोर्ट, पंचायत समिती, एसटी स्टँड, जिथे बायकांना तासन्‌तास ताटकळावं लागतं तिथे चार्जिंगचे प्लग बसवा, दिव्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात नको. आणि संस्थांनो, भत्ता सगळ्यांना सारखा द्या.

आमच्या गटातल्या अकरा जणींनी शिकाऊ परवान्याचे अर्ज भरले आहेत. रविवारी सकाळी माझीच गाडी घेऊन मैदानात सराव चालतो. एकीच्या नवऱ्याने परवा विचारलं, “विनालायसनची घेऊन देतो म्हटलं तर हिला लायसन कशाला पाहिजे?” ती हेल्मेट घालता घालता म्हणाली, “पाटोद्याला जायचंय मला, एकटीला.” मग गाडी सुरू केली. आवाज येत नाही म्हणून तो अजून तिथेच बोलत उभा होता.