समाईक नदीचा समाईक हिशेब

विहीर समाईक असली की तिच्या पाण्याची पाळी ठरवावी लागते, हे कोणत्याही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. विहिरीतील हिस्सा सातबाऱ्यावर लिहिलेला असतो, कोणी किती दिवस पंप चालवावयाचा हे भाऊबंदांत ठरलेले असते आणि गाळ काढण्याचा खर्चही त्याच प्रमाणात वाटून घेतला जातो. पाळी ठरलेली व सर्वांस ठाऊक असेल तर पाणी कमी असूनही निभावते. ती ठरलेली नसेल तर विहीर तुडुंब भरलेली असूनही भाऊ भावाशी बोलेनासा होतो. नदी ही अशीच एक समाईक विहीर होय. मात्र तिचे हिस्सेदार एका बांधावर राहत नाहीत. कित्येकांनी तर एकमेकांस कधी पाहिलेलेही नसते. म्हणूनच नदीची पाळी ठरविणे विहिरीच्या पाळीहून कठीण असते, आणि ते तितकेच अधिक निकडीचेही असते.

पुणे जिल्ह्यातील पवना नदीचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. ही नदी लोणावळ्याच्या दक्षिणेस सह्याद्रीत उगम पावते. मावळ तालुक्यात तिच्यावर बांधलेल्या धरणात सुमारे साडेआठ अब्ज घनफूट उपयुक्त पाणी साठते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येते. वाटेत पवन मावळातील शेतकरी ते पंपाने उचलून ऊस, भाजीपाला व फुले पिकवितात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेले इंद्रायणी भात आणि परदेशी पाठविला जाणारा गुलाब ही या तालुक्याची ओळख आहे. पुढे रावेत येथील बंधाऱ्यातून महानगरपालिका पाणी उचलते. ते निगडीच्या सेक्टर २३ मधील जलशुद्धीकरण केंद्रात चढविले जाते आणि तेथून पिंपरी-चिंचवड शहरात वाटले जाते. शहर ओलांडून नदी दापोडीजवळ मुळेस मिळते. नंतर मुळा-मुठेच्या व भीमेच्या रूपाने तेच पाणी उजनी धरणात पोहोचते, आणि सोलापूर जिल्ह्यातील शेतीस व सोलापूर शहरास उपयोगी पडते. मावळचा भात उत्पादक, निगडीतील गृहिणी, कारखान्यातील कामगार आणि सोलापूरचा बागायतदार हे सर्व एकाच विहिरीचे हिस्सेदार आहेत.

निगडी हे पूर्वी पुणे-मुंबई रस्त्यावरील लहानसे खेडे होते. भोवती कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या आणि पाण्याची मागणी वाढत गेली. २०१९ च्या पावसाळ्यात धरण भरले असतानाही त्याच वर्षी नोव्हेंबरात शहरास दिवसाआड पाणी देण्याची व्यवस्था करावी लागली. यावरून शहराची निकड खरी आहे, हे कोणीही मान्य करील.

या निकडीतून धरणापासून निगडीपर्यंत बंद नळाने पाणी आणण्याची योजना पुढे आली. पात्रातून येताना पाणी वाया जाते व दूषित होते, नळातून ते स्वच्छ व पुरेसे येईल, असा तिचा हिशेब होता. कागदावर हा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु नदीकाठच्या शेतकऱ्यांचाही एक हिशेब होता. पाणी नळात गेल्यावर पात्र कोरडे पडेल व पंप उघडे राहतील, हे भय त्यांच्या मनात होते. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांपैकी कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला होता. त्यामुळे नुसत्या आश्वासनावर विश्वास ठेवण्यास ते तयार नव्हते. हे दोन हिशेब एका कागदावर कधी मांडले गेले नाहीत. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन आंदोलकांस प्राण गमवावे लागले. त्यानंतर नळाचे काम थांबले. शहरास नळ मिळाला नाही, शेतकऱ्यांस पाण्याची लेखी हमी मिळाली नाही, आणि तीन घरांतील माणसे गेली ती परत आली नाहीत.

असा पेच केवळ पवनेच्याच काठी पडला असे नाही. युरोपातील ऱ्हाईन नदी स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात उगम पावते आणि जर्मनी व फ्रान्स यांच्या भूमीस स्पर्श करीत सुमारे १,२३० किलोमीटर वाहून नेदरलँड्समध्ये समुद्रास मिळते. फ्रान्समधील आल्सास प्रांतात पोटॅशच्या खाणी होत्या. पोटॅश हे खत आपल्या शेतकऱ्यांच्याही परिचयाचे आहे. ते वेगळे काढल्यावर उरणारे हजारो टन मीठ दररोज नदीत सोडले जाई. त्याचा फटका शेकडो मैल खाली नेदरलँड्समधील फुले व भाजीपाला पिकविणाऱ्या बागायतदारांस बसे. हे बागायतदार न्यायालयात गेले. ज्या देशात नुकसान झाले त्या देशातही दावा चालविता येईल, असा निर्णय १९७६ मध्ये युरोपीय न्यायालयाने दिला.

त्याच वर्षी ऱ्हाईनकाठच्या देशांनी करार करून मीठ कमी करण्याचा खर्च वाटून घेतला. नेदरलँड्सने ३४ टक्के, फ्रान्स व जर्मनीने प्रत्येकी ३० टक्के आणि स्वित्झर्लंडने ६ टक्के भार उचलावा असे ठरले. ज्याचे नुकसान होत होते त्या देशानेच सर्वांत मोठा वाटा स्वीकारला, ही गोष्ट नवलाची वाटेल. परंतु खालच्या हिस्सेदारास स्वच्छ पाण्याची गरज अधिक असते, आणि गरजवंताने पुढे होऊन तोडगा काढला तर त्यात कमीपणा नाही. तथापि हा करारही लगेच अमलात आला नाही. मीठ आल्सासच्या भूगर्भात सोडावयाचे असे त्यात होते, आणि त्या प्रांतातील लोकांस कोणी विश्वासात घेतले नव्हते. त्यांनी विरोध केला. फ्रान्सची अंतिम मान्यता १९८५ पर्यंत लांबली आणि पुढे उपायही बदलावा लागला. श्रीमंत व सुशिक्षित देशांसही हा धडा वेळ व पैसा खर्च करूनच शिकावा लागला: ज्याच्या दारातून योजना जावयाची, त्यास आधी बैठकीस बोलवावे.

ऱ्हाईनकाठच्या देशांपाशी एक गोष्ट मात्र आधीपासून होती. १९५० मध्ये त्यांनी बाझेल येथे नदीच्या संरक्षणासाठी एक कायम आयोग स्थापन केला होता. महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि कालचे शत्रू एका मेजाभोवती बसले होते. आरंभीची अनेक वर्षे त्यांनी मुख्यतः पाणी मोजण्यात घालविली. नमुना कोठे घ्यावयाचा, कोणत्या रीतीने तपासावयाचा, आकडे कसे लिहावयाचे, हे सर्व देशांच्या रसायनतज्ज्ञांनी व अभियंत्यांनी मिळून ठरविले. हे काम संथ व नीरस वाटते, पण त्याचे मोल पुढे दिसून आले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ कीटकनाशकांच्या एका गोदामास आग लागली. आग विझविण्यासाठी वापरलेल्या पाण्याबरोबर विष नदीत गेले आणि कित्येक मैलांपर्यंत मासे मेले. आकड्यांविषयी एकवाक्यता असल्यामुळे कोणी किती विष सोडले याचा वाद घालण्यात काळ गेला नाही. पुढच्याच वर्षी कृती कार्यक्रम ठरला. नदीतून नाहीसा झालेला सामन मासा २००० सालापर्यंत परत आणावयाचा, हे त्याचे सर्वांस समजेल असे उद्दिष्ट होते, आणि मासा परत आला. जर्मनी व नेदरलँड्स यांच्या सीमेवर दोन्ही देशांची पाणी तपासणी केंद्रे एकमेकांच्या सहकार्याने काम करतात.

याच अनुभवावर पुढे कायदे उभे राहिले. फ्रान्सने १९६४ च्या कायद्याने देशाची सहा खोऱ्यांत विभागणी करून प्रत्येक खोऱ्यासाठी समिती नेमली. तीत शहरांचे, कारखानदारांचे व शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसतात. नेदरलँड्समधील पाणी मंडळांची परंपरा तर तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. पाण्याचा कर ज्याने द्यावयाचा त्यास मंडळात मत असावे, हे तेथील जुने सूत्र आहे; आजही तेथे शेतजमिनीच्या मालकांसाठी काही जागा राखीव असतात. २००० साली युरोपीय संघाने सर्व सभासद देशांस नदीचे खोरे हेच कारभाराचे एकक मानण्याचे आणि दर सहा वर्षांनी लोकांचे म्हणणे ऐकून खोऱ्याचा आराखडा नव्याने करण्याचे बंधन घातले.

तेथे सर्व काही साधले आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. नद्या २०१५ पर्यंत सुस्थितीत आणावयाच्या होत्या. ती मुदत २०२७ पर्यंत वाढविली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अहवालानुसार नद्या, सरोवरे व किनाऱ्याच्या पाण्यापैकी सुमारे ३७ टक्क्यांचीच पर्यावरणीय स्थिती चांगली ठरली. शेतातून वाहून जाणारा नत्र हे त्याचे एक मोठे कारण आहे. १९९१ च्या नियमानुसार नत्राचा धोका असलेल्या भागात वर्षाकाठी हेक्टरी १७० किलोहून अधिक नत्र शेणखतातून देता येत नाही, तरीही हा प्रश्न सुटलेला नाही. म्हणून युरोपची यंत्रे व आराखडे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत: कायमची बैठक आणि सर्वांस मान्य असलेले मोजमाप.

या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रास परक्या नाहीत. पांझरा व मोसम नद्यांच्या काठी फड पद्धतीने शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटले. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी ठरवावे आणि पाटकऱ्याने त्याप्रमाणे पाणी फिरवावे, असा तो शिरस्ता. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेऊन दाखविले. २००५ मध्ये राज्याने दोन कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले, तर दुसऱ्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याची तरतूद झाली. तीत उपसा सिंचन करणाऱ्यांच्या संस्थांचाही समावेश आहे. भारत व युरोपीय संघ यांच्यात २०१६ मध्ये पाण्याविषयी भागीदारी जाहीर झाली आणि तिच्याखाली तापी खोऱ्याचा आराखडा हाती घेण्यात आला. कायदा आहे, परंपरा आहे, बाहेरच्या जाणकारांचे साह्यही आहे. पवनेच्या खोऱ्यात उणीव आहे ती सर्व हिस्सेदारांनी नियमाने एकत्र बसण्याची. जलसंपदा विभाग धरणाची पातळी मोजतो, महानगरपालिका उचललेले पाणी मोजते, प्रदूषण नियंत्रण मंडळ दूषितता तपासते. शेतकऱ्याने किती पाणी उचलले व त्यातून किती पिकविले, हे मात्र बहुधा अंदाजाने सांगितले जाते. ज्याच्याजवळ आकडा नाही, त्याचा शब्द बैठकीत तोकडा पडतो.

यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मोजमापापासून आरंभ करावा. पंपाचे पाणी मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. दोनशे लिटरचे पिंप पंपाच्या तोंडाखाली धरावे आणि ते किती सेकंदांत भरते ते घड्याळात पाहावे. वीस सेकंद लागले तर पंप सेकंदास दहा लिटर, म्हणजे तासास ३६ हजार लिटर पाणी देतो. एवढे पाणी एक एकरावर पसरले तर सुमारे नऊ मिलिमीटर थर होतो. पंप किती तास चालला, कोणत्या पिकास, किती क्षेत्रावर, एवढ्या तीन रकान्यांची वही प्रत्येक पंपधारकाने एक हंगाम ठेवावी. गावच्या वह्या एकत्र केल्या की नदीवरील गावाचा खरा हिस्सा दिसू लागेल. मग एकाच बंधाऱ्यावरून पाणी उचलणाऱ्यांनी संस्था नोंदवावी आणि आपला हक्क व्यक्तीच्या तोंडी न ठेवता संस्थेच्या नावे लेखी मागावा. पाणी वाचविण्याचा हिशेबही या वहीतूनच निघेल. ठिबकावर घेतलेला ऊस किती पाण्यात येतो, हे शेजाऱ्याची वही पाहून पटते तसे भाषणाने पटत नाही.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. मैलापाणी व कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडण्याची जबाबदारी शहराची व उद्योगांची आहे, आणि ती त्यांच्याकडून पुरी करून घेतली पाहिजे. तसे म्हणताना शेतकऱ्याने आपलाही बांध तपासावा. माती परीक्षण करून खत द्यावे, नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे, नदीकाठी गवताचा पट्टा राखावा, फवारणीचे पंप व औषधांचे डबे पात्रात धुऊ नयेत. ऱ्हाईनमधील मासे शेतीच्याच औषधांनी मेले होते, हे विसरता कामा नये. उजनीच्या बागायतदारास मावळच्या शेतकऱ्याविषयी तक्रार करण्यास जागा राहू नये.

शहराचे व शेतीचे वैर अटळ आहे असे समजणे चुकीचे होय. मावळचा गुलाब व भाजीपाला शहरच विकत घेते, आणि मावळची मुले शहरातील कारखान्यांत कामास जातात. गाव करी ते राव न करी, अशी म्हण आहे. पवनेच्या बाबतीत धरणाच्या भिंतीपासून निगडीपर्यंत आणि तेथून उजनीपर्यंत सारे मिळून एकच गाव आहे. या गावाची बैठक दर हंगामात भरावी, तीत धरणातील साठा, शहराची उचल, पंपांच्या वह्या आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे एकाच फळ्यावर लिहिले जावेत, आणि पाळी सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरावी. नळ घालावयाचा की पात्रातूनच पाणी आणावयाचे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. तो अशा बैठकीत सुटला तर कोणासही रस्त्यावर येण्याची पाळी येणार नाही. यंदाच्या रब्बीत नदीकाठच्या प्रत्येक गावात निदान एका पंपाची वही सुरू झाली, तर त्या बैठकीचे पहिले पान लिहिले गेले असे म्हणता येईल.